विवादाची रीत : ‘हिंदु-तुर्क संवाद’ आणि सहजीवनाचे धोरण

एकनाथांच्या भारुडांपैकी ‘हिंदु-तुर्क संवाद’ या रचनेला एक चमत्कारिक कीर्ती लाभली आहे. महाराष्ट्रातील धार्मिक सलोख्याचा विषय निघाला की तिचे नाव आदराने घेतले जाते. परंतु ज्या कडव्यांच्या आधारे ते घेतले जाते ती फार थोडी आहेत. उपास्य एक, उपासनेच्या रीती भिन्न, असे सांगणारा आरंभ आणि दोघे परस्परांना वंदन करून आलिंगन देतात तो शेवट, एवढ्यावर या रचनेचा लौकिक उभा आहे. साठांहून अधिक कडव्यांच्या या रचनेतील बाकीचा सारा भाग म्हणजे एक कडाक्याचे भांडण आहे, ही गोष्ट बहुधा सौजन्यापोटी अनुल्लेखित राहते. तुर्क हिंदूला काफर म्हणतो, हिंदू त्याला विटाळ होईल म्हणून दूर हो असे बजावतो, आणि तेथून जे तोंड सुटते ते आटोपायला बराच अवकाश लागतो.

सौजन्यापोटी केलेले हे वगळणे केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा प्रश्न असते तर त्याची चर्चा येथे करण्याचे कारण नव्हते. परंतु गेल्या काही दशकांत ‘संस्कृती’ हा शब्द शांतता आणि सहजीवन यांच्या धोरणभाषेत येऊन बसला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सप्टेंबर १९९९ मध्ये शांततेच्या संस्कृतीविषयी जाहीरनामा आणि कृतिकार्यक्रम स्वीकारला. स्थानिक पातळीवरील सलोखा स्थानिक संस्कृतीच्या आधारेच टिकू शकतो, हा विचार त्यानंतर शासकीय आणि निमशासकीय लेखनात रूढ झाला आहे. विचार चुकीचा नाही. मात्र संस्कृती म्हणजे नेमके काय उचलावयाचे, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो, आणि उत्तराच्या जागी बहुधा सुभाषिते येतात. एकनाथांच्या रचनेचे जे झाले तेच मग संस्कृतीचेही होते: आरंभ आणि शेवट घेतला जातो, मधला भाग गळतो.

वस्तुतः या रचनेचे मोल त्या मधल्या भागातच आहे.

तेथे नेमके काय घडते, हे पाहणे आवश्यक आहे. तुर्काचे आक्षेप ऐकीव नाहीत. ब्रह्मदेवाला स्वतःच्या कन्येचा मोह पडला ती कथा, बळीच्या दारी याचक होऊन उभा राहिलेला देव, रावणाने पत्नी पळवून नेल्यावर वानरांचे साहाय्य घेणारा राम, दगडाची पूजा, पाण्यात बुड्या मारून पवित्र होण्याची समजूत, भोजनात शिताशिताचा विटाळ: हे सारे त्याला पुराणांतून आणि शेजाऱ्याच्या ओसरीवरून ठाऊक आहे. हिंदूचे प्रत्युत्तरही त्याच जातीचे आहे. ईश्वर सर्वत्र असेल तर पश्चिमेकडेच तोंड का करावे? दिवसातील पाच वेळा त्याच्या, मग उरलेल्या वेळा कोणाच्या? मूर्तीला दगड म्हणणाऱ्यांनी पिरांच्या कबरींवर फुले का वाहावीत? जीव ईश्वराने दिला असे मानणाऱ्याने तो बकऱ्याच्या मानेवरून का काढून घ्यावा? आणि बळाने एखाद्याला मुसलमान करावयाचे असेल तर त्याला हिंदू म्हणून जन्माला घालण्यात ईश्वराची चूक झाली असे म्हणावयाचे काय? या शेवटच्या प्रश्नाला सोळाव्या शतकातील पैठणात काय धार असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या सेवेत होते असे परंपरा सांगते. त्यांच्या गुरुपरंपरेचा चांद बोधले यांच्याद्वारा सूफी पंथाशी असलेला संबंध रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या ग्रंथात (१९६७) चर्चेला आणला. त्याच चांद बोधल्यांच्या शिष्यपरंपरेत ‘योगसंग्राम’कर्ते श्रीगोंद्याचे शेख महंमद येतात. अशा परिसरात वाढलेल्या कवीला प्रतिपक्षाचा धर्म पुस्तकातून शिकावा लागला नसणार.

या भांडणाचे तीन विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. त्यांपैकी पहिला भाषेचा आहे. तुर्क दखनी वळणाने बोलतो, हिंदू मराठीत उत्तर देतो, आणि दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचे बोलणे समजावून सांगावे लागत नाही. दुभाष्याची गरज नसलेला हा द्वैभाषिक कलह आहे. एकनाथांच्या इतर भारुडांत अर्जदस्त, अभयपत्र, ताकीदपत्र असे फार्सी दप्तरातील लेखप्रकार भक्तीच्या कामी लावलेले आढळतात; म्हणजे सत्तेच्या भाषेची ही ओळख केवळ एका रचनेपुरती नव्हती. समान भाषा असल्याशिवाय प्रेम कदाचित करता येईल, पण चांगले भांडता येत नाही.

दुसरा विशेष असा की, आक्षेपांची तीव्रता कमी करून देणारा कोणी मध्यस्थ या रचनेत नाही. सहिष्णुतेच्या उपदेशपर वाङ्मयात एखादा ज्ञानी पुरुष मध्ये येऊन दोघांना गप्प करतो. येथे तो येत नाही. एकनाथ स्वतः आरंभी आणि शेवटी निवेदक म्हणून दिसतात. मधल्या काळात ते दोघांनाही बोलू देतात, आणि आपल्या देवतांविषयीचे अत्यंत अप्रिय शब्द आपल्याच लेखणीने लिहितात. पैठणच्या ब्रह्मवृंदात वावरणाऱ्या ब्राह्मणाने हे लिहावे याचे अप्रूप वाटले पाहिजे.

तिसरा विशेष म्हणजे शेवट. दोघे अखेर म्हणतात की, जात आणि कर्मकांड यांवरून आपला झगडा आहे, ईश्वराच्या ठायी तो भेद उरत नाही. तुर्क ते मान्य करतो, दोघे एकमेकांना भेटतात, आणि जो वाद झाला तो परमार्थाचा उलगडा होण्यासाठीच झाला असे म्हणतात. विवादाचे पर्यवसान एकमतात झाले असे कवी सांगतो. हा शेवट आधीच्या भागातून खरोखरच निष्पन्न होतो की वरून चिकटवलेला आहे, हा टीकेचा मुख्य प्रश्न होय. रचनेचा इंग्रजी अनुवाद आणि अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या एलिनॉर झेलियट यांनी तिच्याकडे दोन समाजांच्या भेटीचे नाट्य म्हणून पाहिले, आणि नाट्य म्हणून पाहिले म्हणजे शेवट काहीसा घाईचा वाटतो, हे नाकारता येत नाही. परंतु ही घाई काव्यदृष्ट्या दोष असली तरी तिच्यामागे एक रीत असावी, असे मानण्यास आधार आहे.

तो आधार काव्याच्या बाहेर, त्या काळच्या न्यायव्यवहारात सापडतो. बहामनी उत्तरकाळापासून पेशवाईपर्यंत दख्खनमधील वतनाचे, सीमेचे, मानपानाचे तंटे गोतसभेत किंवा मजलसीत मिटवले जात. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील प्रबंधात या व्यवहाराचे जे चित्र उभे राहते ते विलक्षण रेखीव आहे. अग्रवादी आणि पश्चिमवादी आपापली तकरीर देत; सभेचा निवाडा मान्य करू असा राजीनामा दोघांकडून आधीच लिहून घेतला जाई, आणि जामीन घेतले जात. (राजीनामा या शब्दाचा आजचा अर्थ पाहता हे गमतीचे वाटेल, तेव्हा तो नोकरी सोडण्याचा नव्हे, तर निवाड्याला राजी असल्याचा कागद होता.) मजलसीत काजी, हवालदार, देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन बसत, आणि निवाड्याच्या महजरावर पाटलाच्या नांगरापासून प्रत्येकाच्या व्यवसायाच्या निशाण्या उमटत. हरलेल्या पक्षाने येजितखत लिहून द्यावयाचे, जिंकलेल्याने हरकी भरावयाची. हिंदू आणि मुसलमान अधिकारी एकाच जाजमावर बसून एकाच कागदावर निशाणी करीत असल्याची उदाहरणे या महजरांत विपुल आहेत, आणि त्यांत कोणी कोणाच्या धर्माची स्तुती केलेली नाही. तेथे स्तुतीचे काही काम नव्हते.

या पार्श्वभूमीवर ‘हिंदु-तुर्क संवाद’ वाचला म्हणजे त्याची घडण ओळखीची वाटू लागते. एकाची तकरीर, दुसऱ्याची उलट तकरीर, आक्षेपांची एकामागून एक तपासणी, आणि अखेरीस उभयपक्षी संमती. एकनाथांनी ही घडण मजलसीवरूनच घेतली असे सिद्ध करण्यास कागदी पुरावा नाही, आणि भारुडांच्या संहिता मागाहूनच्या हस्तलिखितांतून व छापील गाथांतून आपल्यापर्यंत आल्या असल्याने असे विधान करण्याचे धाडस करूही नये. परंतु ज्या श्रोत्यांपुढे ही रचना गायिली जात असेल ते गावच्या तंट्यांचे साक्षीदार होते, आणि दोन पक्षांनी आपले म्हणणे पूर्ण मांडल्याशिवाय समेटाला अर्थ नाही ही जाण त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. शेवटची घाई मग वेगळी दिसते. सारे आक्षेप बोलून झाल्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही, म्हणून समेट त्वरित होतो.

अर्थात् साम्यापेक्षा भेद अधिक बोधक आहेत. मजलसीत निवाडा करणारे असत, येथे कोणी नाही. मजलसीत एक पक्ष हरे. येथे येजितखत लिहिले जात नाही. आक्षेपांपैकी एकाही आक्षेपाचे निर्णायक निराकरण झालेले नाही, ही बाब पुनः पुनः वाचताना ध्यानात येते. पश्चिमेकडे तोंड का, याचे उत्तर तुर्क देत नाही. ब्रह्मदेवाच्या कथेचे समर्थन हिंदूलाही तितकेसे जमत नाही. आक्षेप अनिर्णित ठेवूनही दोघे शेजारी राहू शकतात, हा या रचनेचा खरा शोध आहे. ‘सर्व धर्म एक’ हा नव्हे. ते आरंभीच सांगून टाकलेले आहे, आणि तेवढेच खरे असते तर एका कडव्यात काम भागले असते.

येथे एकनाथांच्या चरित्रपरंपरेतील एका प्रसिद्ध कथेची तुलना मनात येते. गोदावरीवर स्नान करून परतणाऱ्या नाथांवर एक यवन थुंकतो, नाथ न बोलता पुनः स्नान करतात, तो पुनः थुंकतो. अखेर थुंकणाराच खजील होतो. कथा सुंदर आहे, मुलांना सांगण्याजोगी आहे, आणि शांतीब्रह्म या नाथांच्या बिरुदाचा तीच आधार आहे. पण सहजीवनाची कल्पना म्हणून ती संवादापेक्षा फार गरीब आहे. तीत एक पक्ष मुका आहे आणि दुसरा केवळ दुष्ट. यवनाला थुंकावेसे का वाटले हे विचारण्याचीही सोय नाही. शिवाय ती संताच्या असामान्य सहनशीलतेवर उभी आहे, आणि कोणत्याही वस्तीत असे संत मोजकेच असणार. लोकस्मृतीने, आणि लोकस्मृतीच्या मागून शिक्षणव्यवहाराने, कथा उचलली आणि संवाद मागे ठेवला, यात सलोख्याविषयीच्या आपल्या समजुतीचे एक लक्षण दिसते.

संवादाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदवल्या पाहिजेत. लेखक हिंदू आहे आणि ज्या अधिष्ठानावर समेट होतो ते अद्वैताचे आहे. होकार अखेर तुर्काच्या मुखी घातला आहे. त्याच्या होकारात रसुलाचा उल्लेख येतो, पण विचाराची चौकट मात्र वेदान्ताचीच राहते. एखाद्या मुसलमान कवीने हाच कलह लिहिला असता तर तो कोठे थांबला असता, हे सांगता येत नाही. शेख महंमदांचा ग्रंथ हा विवाद नसून साधनामार्गाचे रूपक असल्याने त्यातूनही थेट उत्तर मिळत नाही. याहूनही महत्त्वाची उणीव अशी की, या भांडणाला फक्त दोघेच बसले आहेत. तुर्क ज्या विटाळाची टवाळी करतो तो विटाळ ज्यांच्यावर खरोखर लादला जात होता ते या सभेत नाहीत. एकनाथांना ते दिसत नव्हते असे मात्र नव्हे: महाराच्या मुखाने रचलेली त्यांची अनेक भारुडे आहेत, आणि ब्राह्मण व महार यांचा एक खडाजंगीचा संवादही त्यांच्या नावावर आहे. परंतु तो वेगळ्या रचनेत, वेगळ्या वेळी. तिघे एका जाजमावर कधीच आले नाहीत. कोणत्याही समेटाविषयी पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच, की सभेला कोणाला बोलावले नव्हते.

आता धोरणाकडे वळता येईल. महाराष्ट्रात संस्कृती आणि शांतता यांचा संबंध सर्वांत कठोरपणे तपासला गेला तो भिवंडीत. यंत्रमागांच्या या गावी मे १९७० मध्ये दंगल उसळली ती शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून. तिचा विस्तार जळगाव आणि महाडपर्यंत झाला, आणि न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची तपशीलवार चौकशी केली. मिरवणूक ही संस्कृतीच होय. तिचा मार्ग, तिच्यातील गुलाल, तिच्यातील घोषणा हे सारे सांस्कृतिक व्यवहारच होते, आणि तंटा नेमका त्यांवरच होता. संस्कृती स्वभावतः शांततेच्या बाजूची असते हे गृहीत या एका उदाहरणाने कोसळते. १९८४ मध्ये भिवंडीत पुनः मोठी दंगल झाली. त्यानंतर, १९८८ पासून, तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग केला. त्यांत दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी घेतले. गावपुढारी आणि दंगलीत नाव आलेले लोक बाजूस ठेवले. बैठका सणासुदीपुरत्या न ठेवता नियमित घेतल्या, आणि पोलीस अधिकारी स्वतः हजर राहू लागले. या बैठकांत भाईचाऱ्याची गाणी क्वचितच झाली असतील. तेथे बोलले जाई ते अफवांविषयी, रस्त्यावरच्या किरकोळ मारामारीविषयी, मिरवणूक कोणत्या गल्लीने जाणार याविषयी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नागरी संबंधांच्या संदर्भात या घटनेची दखल घेतली आहे.

संवादाशी या समित्यांचे नाते प्रभावाचे नव्हे. कोणा पोलीस अधिकाऱ्याने भारुड वाचून योजना आखली असे सुचवणे हास्यास्पद होईल. नाते आहे ते रीतीचे. दोन्ही ठिकाणी तक्रार आधी मोठ्याने बोलू दिली जाते, तिचा निकाल लागलाच पाहिजे असा आग्रह नसतो, आणि पुनः भेटणे गृहीत असते. यातील ‘संस्कृती’ ही सणांची, प्रतीकांची किंवा वारशाची नसून तंटा करण्याच्या सवयीची आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणून महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून राबवलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेकडे पाहता येईल. गावपातळीवर समिती नेमून तंटे सामोपचाराने मिटवणे ही तिची मूळ कल्पना गोतसभेच्या स्मृतीशी जुळणारी होती, आणि अनेक किरकोळ दिवाणी-फौजदारी वाद त्यामुळे न्यायालयाबाहेर मिटले हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. तथापि नावातच एक घोटाळा आहे. तंटामुक्ती हे ध्येय ठरले, ती साध्य केल्याबद्दल गावाला रोख बक्षीस ठरले, म्हणजे तंटा असणे हाच गावाचा उणेपणा झाला. अशा व्यवस्थेत ज्याचा तंटा गैरसोयीचा आहे त्याने तो गिळावा असा दाब सहज तयार होतो. आणि गैरसोयीचे तंटे बहुधा दुबळ्यांचेच असतात. गोतसभेला तंट्याची लाज वाटत नव्हती. तंटा लिहून घेण्यासाठी तर ती बसत असे.

भिवंडीची कथाही १९९३ मध्ये संपत नाही. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून तेथे उद्रेक झाला; पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली, आणि त्याच प्रकरणात दोन पोलिसांनाही जिवे मारण्यात आले. या वेळी झगडा दोन समाजांत नव्हता. जागा पोलिसांना हवी होती, आणि मोहल्ला समित्यांच्या कल्पनेत सभा बोलावणारे व अध्यक्षस्थानी बसणारे पोलीसच होते. सभा भरवणाराच पश्चिमवादी झाला, तेव्हा त्याची तकरीर कोणासमोर घ्यावयाची याची तरतूद त्या रचनेत नव्हती. जुन्या मजलसीतही दिवाण स्वतः वादी झाला असता ही अडचण आलीच असती. एकनाथांच्या संवादाला ती येत नाही, कारण तेथे सभा कोणी बोलावलेलीच नाही: दोन माणसे रस्त्यात भेटली आणि भांडू लागली, एवढीच तिची सुरुवात आहे.